तंजावरचं मोठं देऊळ: वेळ, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक दक्षिण सहली तंजावरच्या बृहदीश्वराला ऐन दुपारी पोचतात. कारण अगदी साधं आहे. आदला मुक्काम मदुरैला असतो, तिथून तंजावर जवळजवळ १९० किलोमीटर. नाश्ता आटोपून साडेआठला गाडी निघाली की बारा-साडेबाराला देवळाच्या दारात उभी राहते. तेव्हा गाभारा बंद झालेला किंवा बंद होत आलेला असतो, अंगणातल्या दगडांवर पाय ठेववत नाही आणि गाडीचा ड्रायव्हर पुढच्या मुक्कामाची घाई करत असतो. मंडळी नंदीसमोर एक फोटो काढतात नि परततात. आपल्याच भाषेतला एक प्रचंड शिलालेख त्याच आवारात आहे, तो वाचायचा राहून गेला हे त्यांना घरी आल्यावर कुणीतरी सांगतं.

यातली जवळपास प्रत्येक चूक वेळेची किंवा क्रमाची असते. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानंच घ्या. एखादा गाळायचाच झाला तर शेवटचा गाळा, पहिला नको.

## टप्पा १: दिवस आणि तास ठरवा

गाभारा दुपारी साधारण साडेबाराला बंद होतो आणि चारच्या सुमारास पुन्हा उघडतो. रात्री साडेआठच्या आसपास देऊळ बंद होतं. सणावाराला यात फरक पडतो, म्हणून आदल्या संध्याकाळी लॉजवर किंवा देवळाच्या दारात विचारून ठेवा.

तंजावरला आदल्या रात्री मुक्काम करा. हे जमलं की बाकीचं आपोआप जमतं. सकाळी साडेसहा ते साडेनऊ असे तीन तास देवळासाठी ठेवा. मुक्काम शक्य नसेल आणि तिरुचिरापल्लीहून येणार असाल, तर अंतर ५५ ते ६० किलोमीटर आहे, पहाटे निघून साडेसातपर्यंत पोचता येतं. मदुरै किंवा रामेश्वरमहून एका दिवसात येणार असाल, तर सकाळी धडपड करू नका. दुपारी साडेतीनला पोचा आणि चार ते साडेसात हा वेळ घ्या. अकरा ते साडेतीन या वेळात येण्याचा बेत मात्र करूच नका.

महिन्यांचं म्हणाल तर डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात सुखाचा. आपला पावसाळा संपतो तेव्हा इथला खरा पाऊस सुरू होतो. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी पावसाच्या सरी येतात आणि ओला ग्रॅनाइट अनवाणी पायांना फार निसरडा लागतो. एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर सकाळी नऊच्या आत अंगणातलं सगळं उरकलेलं हवं.

आता गर्दीचे दिवस. दोन्ही पक्षांतल्या त्रयोदशीला संध्याकाळी प्रदोष असतो. तेव्हा इथल्या महानंदीला अभिषेक होतो आणि सगळं गाव लोटतं. आपल्या मराठी दिनदर्शिकेत प्रदोष छापलेला असतोच, तो बघा. अभिषेक पाहायचा असेल तर साडेतीनपर्यंत आत जाऊन जागा धरा. निवांत देऊळ पाहायचं असेल तर त्या दिवशी संध्याकाळ टाळून सकाळी जा. शनिप्रदोषाला गर्दी आणखी वाढते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे माट्टु पोंगलला, नंदीला भाज्या, फळं आणि मिठाईनं मढवतात. तो सोहळा बघण्यासारखा आहे, पण त्या दिवशी शिल्पं बघता येतील अशी अपेक्षा ठेवू नका. महाशिवरात्र, चैत्रातला रथोत्सव आणि तमिळ ऐप्पसी महिन्यात (मध्य ऑक्टोबर ते मध्य नोव्हेंबर) येणारा, हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळाच्या जन्मनक्षत्राचा उत्सव, या दिवसांनाही हेच लागू.

तपासा: तुमच्या तारखेला त्रयोदशी आहे का? बुधवार आहे का? (बुधवारचं कारण टप्पा ८ मध्ये येईल.) दोन्ही नसतील तर तारीख पक्की करा.

## टप्पा २: आदल्या रात्रीची तयारी

कपडे. केरळातल्या काही देवळांसारखं इथे पुरुषांना शर्ट काढावा लागत नाही आणि धोतर सक्तीचं नाही. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामीचे नियम ऐकून आलेली मंडळी इथेही धोतर-उपरणं घेऊन येतात. हरकत नाही, पण गरज नाही. फुल पँट, साधा शर्ट. बायकांना साडी, किंवा सलवार-कमीज आणि ओढणी. हाफ पँट आणि बिनबाह्यांचे कपडे नकोत.

पाय. चपला बाहेर ठेवून दोन-तीन तास दगडावर चालायचं आहे. अंगण सुमारे २४० मीटर लांब आणि १२० मीटर रुंद आहे, म्हणजे कडेकडेनं एक फेरी घातली तरी पाऊण किलोमीटरच्या जवळ जाते. मधल्या देवळांत आत-बाहेर केलं की सहज दीड किलोमीटर होतं. जाड सुती पायमोज्यांचा एक जोड खिशात ठेवा. अंगणात ते चालतात; गाभाऱ्याकडे जाताना काढा. नायलॉनचे नकोत, ते गुळगुळीत दगडावर घसरतात.

सोबत काय घ्यावं. एक लहान कापडी पिशवी, प्रत्येकी अर्धा लिटर पाणी, सुटे पैसे (दहा-वीसच्या नोटा) आणि शक्य असेल तर दुर्बीण. विमान म्हणजे गाभाऱ्यावरचा मनोरा साठ मीटरहून उंच आहे. वरच्या मजल्यांवरचं काम नुसत्या डोळ्यांना पुसट दिसतं. आठपट दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. मोठ्या बॅगा लॉजवर किंवा गाडीत सोडा.

नक्षत्र. हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. अर्चना करायची असेल तर पुजारी नाव, गोत्र आणि नक्षत्र विचारतात. आपल्याकडे राशी पाठ असते, नक्षत्र नसतं, आणि मागे रांग तुंबते. घरातल्या प्रत्येकाचं नक्षत्र कागदावर लिहून न्या. संस्कृत नावं पुजाऱ्यांना कळतात, पण तमिळ नाव सांगितलं तर काम झटकन होतं. काही नावं ओळखू न येण्याइतकी वेगळी आहेत: कृत्तिका म्हणजे कार्तिगै, आर्द्रा म्हणजे तिरुवादिरै, पुष्य म्हणजे पूसम, आश्लेषा म्हणजे आयिल्यम, पूर्वा म्हणजे पूरम, उत्तरा म्हणजे उत्तिरम, ज्येष्ठा म्हणजे केट्टै, श्रवण म्हणजे तिरुओणम, धनिष्ठा म्हणजे अविट्टम. शततारकेला सदयम म्हणतात, आणि तेच राजराज चोळाचं जन्मनक्षत्र.

## टप्पा ३: देवळापर्यंत पोचणं

विमानानं येणाऱ्यांना तिरुचिरापल्ली जवळचं. चेन्नईहून एग्मोर स्थानकावरून रात्रीची उळवन एक्स्प्रेस थेट तंजावरला सकाळी सोडते. तिरुचिरापल्लीहून बस आणि रेल्वे दोन्ही भरपूर आहेत.

चूक होते ती बसची. तंजावरला दोन बसस्थानकं आहेत. बाहेरगावच्या बहुतेक गाड्या नव्या बसस्थानकावर थांबतात, आणि ते गावाबाहेर चार-पाच किलोमीटरवर आहे. तिथे उतरून ‘देऊळ कुठंय’ म्हणत चालू लागू नका. तिथून जुन्या बसस्थानकाची शहर बस पकडा; जुनं स्थानक देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. रेल्वे स्थानकापासून देऊळ दोन किलोमीटरच्या आत आहे, सामान नसेल तर पायीही जाता येतं.

रिक्षावाल्याला ‘बृहदीश्वर’ सांगितलं तर कधी कधी तो क्षणभर विचारात पडतो. ‘पेरिय कोविल’ म्हणा, म्हणजे मोठं देऊळ. गावात सगळे हेच म्हणतात. बसायच्या आधी भाडं ठरवा.

## टप्पा ४: दारातून आत

देऊळ पूर्वाभिमुख आहे. तुम्ही पूर्वेकडून, पश्चिमेला तोंड करून आत जाता. हे डोक्यात पक्कं ठेवा, पुढच्या सगळ्या खुणा त्यावर आहेत: डावा हात दक्षिण, उजवा हात उत्तर, देवळाची पाठ पश्चिम.

सगळ्यात बाहेरचं दार मराठा काळातलं आहे. त्याच्या पुढची दोन गोपुरं चोळांची: आधी केरळान्तकन, मग राजराजन. चपला या दारांच्या परिसरातल्या स्टँडवर टोकन घेऊन ठेवा. सगळ्या कुटुंबाच्या एकाच पिशवीत, एकाच टोकनावर. टोकनाचा फोटो काढून ठेवा. बाहेर येताना गर्दीत टोकन हरवल्यानं होणारा खोळंबा फार असतो.

प्रवेशाला तिकीट नाही. कुणी ‘आत जायचे पैसे’ मागितले तर नम्रपणे नको म्हणा आणि चालू लागा. पैसे लागतात ते अर्चनेच्या तिकिटाला आणि चपलांच्या स्टँडवर, तेही थोडेच.

गाईड घ्यायचा असेल तर पर्यटन खात्याचं ओळखपत्र बघा, भाषा विचारा आणि दोन गोष्टी आधी ठरवा: पैसे किती आणि वेळ किती. ‘तासाभरात दाखवतो’ म्हणणारा गाईड नैर्ऋत्येच्या कोपऱ्यापर्यंत नेत नाही. सुरुवातीलाच सांगा, ‘मराठी कल्वेट्टु पाहायचंय.’ कल्वेट्टु म्हणजे शिलालेख. विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं कुणी सांगितलं तर वाद घालू नका. सूर्य तिरपा असताना अंगणात बघा, सावली स्वच्छ दिसते.

राजराजन गोपुरातून भराभर पुढे जायची सवय सगळ्यांना असते. इथे पाच मिनिटं थांबा. दोन्ही बाजूंना अखंड दगडाचे अजस्र द्वारपाल आहेत आणि खाली, कंबरेच्या उंचीवर, पुराणकथांचे छोटे पट्टे कोरलेत. ते लोकांच्या पायांआड जातात, म्हणून नजरेतून सुटतात. शिव-पार्वतीचं लग्न, मार्कंडेय आणि किरात-अर्जुन शोधून काढा.

सावध: दारांचे उंबरे ओलांडून जा, त्यांवर पाय देऊ नका. इथले लोक हा नियम कसोशीनं पाळतात.

## टप्पा ५: दर्शन

आत शिरल्याबरोबर समोर नंदीमंडप. नंदीला हात लावायला किंवा कानात बोलायला मिळत नाही. आपल्याकडे ‘नंदीच्या शिंगांतून पिंड बघायची’ पद्धत आहे, तिचा हट्ट इथे धरू नका. नंदी आणि गाभारा यांच्या मधल्या सरळ रेषेत उभं राहून फोटो काढणं मात्र नक्की टाळा. ती देवाची नजर समजतात.

साष्टांग नमस्कार करायचा तर ध्वजस्तंभापाशी करा. तमिळ देवळांत लोटांगणाची जागा हीच. आत प्रत्येक देवासमोर आडवं व्हायचं नसतं. पूर्वाभिमुख देवळात डोकं उत्तरेकडे येईल असं वळून नमस्कार घालतात. पुरुष साष्टांग, बायका गुडघे टेकून.

आता एक निर्णय घ्यायचा आहे. दारातल्या सेवेकऱ्याला विचारा, ‘नडै तिरंदिरुक्का?’ म्हणजे गाभाऱ्याचं दार उघडं आहे का. उत्तर ‘आमा’ (हो) आलं तर लगेच रांगेत जा. अभिषेक किंवा अलंकार चालू असेल तर पडदा ओढलेला असतो. अशा वेळी रांगेत ताटकळू नका. थेट टप्पा ७ घ्या, बाहेरची फेरी उरका आणि परत या. ही एक अदलाबदल सोडली तर बाकीचा क्रम मोडू नये.

रांग रेलिंगमधून मंडपात जाते. पायऱ्या उंच आहेत; गुडघ्याचा त्रास असलेल्यांनी कठड्याच्या बाजूनं चढावं आणि दोन्ही वेळा, चढताना नि उतरताना, सोबत कुणीतरी ठेवावं. पायमोजे इथे काढा. मोबाईल बंद करून पिशवीत. गाभाऱ्याचा फोटो काढायचा नाही, लांबूनही नाही.

लिंग प्रचंड आहे, आणि गाभारा अंधारा. डोळे सरावायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात मागचे ढकलतात. म्हणून रांगेतच उजेडाकडे बघणं थांबवा, आतल्या समईवर नजर ठेवा. दीपाराधना होते तेव्हा लिंगाचा आकार एकदम उमगतो.

आपल्याकडच्या आणि इथल्या रिवाजातले चार फरक आधी माहीत असले की गोंधळ होत नाही:

- दारात भाविकांनी वाजवायची घंटा नसते. शोधू नका.
- गाभाऱ्यात जाऊन स्वतः पाणी घालता येत नाही. आगमांप्रमाणे, म्हणजे शैव पूजाविधीच्या ग्रंथांप्रमाणे, पूजा फक्त शिवाचार्य (इथले पुजारी) करतात. पाणी, दूध, बेल त्यांच्या हाती द्यायचा.
- तीर्थ मिळेलच असं धरू नका. इथला प्रसाद म्हणजे विभूती. उजवा हात पुढे करा, डावा त्याखाली. पुजारी वरून टाकतात, हाताला हात लावत नाहीत.
- उरलेली विभूती खांबांवर किंवा कोनाड्यात झटकू नका. हजार वर्षांच्या दगडावर तिचे थर बसतात, आणि कोरीव अक्षरं बुजतात. एक कागदाचा तुकडा जवळ ठेवा आणि पुडी बांधा.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत प्रसिद्ध चोळकालीन भित्तिचित्रं आहेत. ती वाट सर्वांसाठी खुली नाही. तिथल्या माणसाला पैसे देऊन ‘जरा आत सोडा’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. श्वासातला ओलावाही त्या रंगांना मारक ठरतो. आवारातल्या पुरातत्त्व खात्याच्या दालनात त्यांच्या प्रतिकृती आहेत, त्या निवांत बघता येतात.

## टप्पा ६: अर्चना करायची असेल तर

काउंटरवर अर्चनेचं तिकीट घ्या, बाहेरून नारळ, केळी, विड्याची पानं आणि फुलं असलेलं ताट. ताटात तिकीट वर दिसेल असं ठेवा, खाली दबलं तर पुजारी परत पाठवतात. आपली वेळ आली की कागद बघून एका दमात सांगा: गोत्र, नक्षत्र, नाव. सगळ्या घराची एकत्र अर्चना होते, प्रत्येकाला वेगळं तिकीट लागत नाही. दक्षिणा ताटातच ठेवा. नारळ फोडून अर्धा परत मिळतो.

मुख्य देवाची अर्चना झाली की अम्मनची (देवीची) वेगळी करायची का हे आधीच ठरवा. अम्मनचं देऊळ स्वतंत्र आहे, तिथे पुन्हा तिकीट आणि ताट लागतं.

## टप्पा ७: प्रदक्षिणा आणि थांबे

ज्या बाजूनं बाहेर सोडतात तिथून उतरून नंदीजवळ या आणि डावीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळा. देऊळ सतत उजव्या हाताला.

दक्षिण बाजू. ही भिंत लवकर तापते, म्हणून आधी उरका. पायापासून सुरुवात करा. जोत्याचे थर बघा: ओळीच्या ओळी तमिळ लेख कोरलेत. देवळाला कुणी काय दिलं याची ती नोंदवही आहे. राजानं दिलेलं, त्याच्या बहिणीनं दिलेलं, राण्यांनी दिलेलं. देवळात नेमलेल्या ४०० नर्तकींची नावं त्यांच्या घरांच्या पत्त्यांसह इथल्या लेखांत आहेत. बोटांनी अक्षरं गिरवू नका. मग नजर वर न्या. कोनाड्यांच्या दोन रांगा आहेत. खालच्या रांगेत वेगवेगळे देव, वरच्या रांगेत मात्र पुन्हा पुन्हा एकच: धनुष्य घेतलेला त्रिपुरान्तक शिव. हे एकदा कळलं की दुर्बिणीनं वरची रांग बघायला मजा येते, कारण प्रत्येक मूर्तीची ढब निराळी आहे.

याच बाजूला वाराहीचं देऊळ आहे. पंचमीला इथे मोठी रांग लागते.

नैर्ऋत्य कोपरा. गणपतीचं देऊळ आणि शिलालेख. त्यासाठी वेगळा टप्पा आहे, पण थांबायचं इथेच.

पश्चिम बाजू. विमानाच्या पाठीमागे करुवूर देवर या सिद्धपुरुषाचं लहानसं स्थान. गुरुवारी इथे झुंबड असते. मागच्या ओवरीत शिवलिंगांची लांब रांग आणि भिंतींवर नायक राजांच्या आणि मराठा काळातली चित्रं आहेत. ओवरीतली जमीन सावलीत असते. इथे बसा, पाणी प्या, पायमोजे घाला. चित्रांना पाठ टेकून बसू नका, इतकंच.

वायव्य कोपरा. सुब्रह्मण्याचं देऊळ. नायककालीन आहे आणि इतकं बारीक कोरलंय की मोठ्या देवळानंतर डोळ्यांना वेगळीच सवय करावी लागते. दहा मिनिटं द्याच. खांबांचे तळ आणि बाहेरच्या पन्हाळी जवळून बघा.

उत्तर बाजू. अभिषेकाचं पाणी या बाजूला येतं, आणि तिथेच चंडिकेश्वराचं देऊळ आहे. आपल्याकडे सोमसूत्र ओलांडायचं नाही म्हणून मंडळी इथून उलटी फिरतात. इथे तसं करू नका, मोठ्या अंगणातून फेरी पूर्णच घालतात. फक्त मुख्य देऊळ आणि चंडिकेश्वर यांच्या मधून जात नाहीत. चंडिकेश्वर हा शिवाच्या मालमत्तेचा राखणदार. त्याच्यापुढे दोन्ही तळवे हळूच पुसून दाखवायचे: देवाचं काही घेऊन जात नाही. मोठ्यानं टाळ्या वाजवणं आणि कपड्यातला दोरा काढून टाकणं या दोन्ही गोष्टी लोक एकमेकांचं बघून करतात. पुजारी त्याबद्दल नाराजच असतात.

ईशान्य बाजू. अम्मन, म्हणजे बृहन्नायकी. दक्षिणाभिमुख आहे. शेजारी नटराज. दोन्हीकडे नमस्कार केला की फेरी नंदीपाशी पुरी होते.

तपासा: साडेनऊ वाजले आहेत आणि अजून उत्तरेची बाजू राहिली आहे? मग अंगण सोडून ओवरीच्या सावलीतून पुढे जा. तापलेल्या दगडावर पळत जायचा प्रयत्न केला की तळवे भाजतात आणि घसरूनही पडायला होतं.

## टप्पा ८: मराठी शिलालेख, आणि दुपार

नैर्ऋत्येकडे गणपतीच्या देवळाच्या मागे, प्राकाराच्या, म्हणजे आवाराच्या, भिंतीवर हा लेख आहे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी १८०३ साली कोरवून घेतला. भोसले घराण्याचा इतिहास, मराठीत, देवनागरी अक्षरांत. एवढा लांब दगडी लेख मराठीत दुसरा नाही.

लोक इथे येतात, ‘अरे हो, देवनागरी!’ म्हणतात, सेल्फी काढतात आणि जातात. तसं करू नका. वीस मिनिटं ठेवा आणि असं वाचा:

१. आधी पूर्ण भिंतीच्या कडेनं न वाचता चालत जा. सुरुवात कुठे, शेवट कुठे हे कळू द्या.

२. मग एकच जागा निवडा, जिथे अक्षरं ठळक आहेत. भिंतीच्या समोर उभं न राहता थोडं बाजूला उभं राहा. उजेड तिरपा आला की कोरलेल्या खाचांत सावली बसते आणि अक्षर उठून दिसतं. सकाळी हे छान जमतं. डोक्यावरच्या उन्हात सगळं सपाट दिसतं.

३. ओळखीची नावं शोधा: शहाजी, शिवाजी, एकोजी (व्यंकोजी), सरफोजी. एक नाव सापडलं की त्याच्या दोन्ही बाजूंना वाचत जा.

४. मोठ्यानं वाचा. मनात वाचताना शब्द तुटत नाही, कानावर पडला की एकदम अर्थ लागतो. मुलं असतील तर एकानं वाचावं, दुसऱ्यानं लिहून घ्यावं.

५. फोटो काढताना एका फोटोत चार-पाच ओळीच घ्या आणि पुढच्या फोटोत आधीची एक ओळ पुन्हा येऊ द्या. नाहीतर घरी क्रम लागत नाही.

सावध: अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू, विभूती, पाणी किंवा तेल लावू नका. हा गुन्हा आहे, आणि आपल्याच पूर्वजांच्या लेखावर तो करणं फारच वाईट.

सापडत नसेल तर विचारा, ‘मराठी कल्वेट्टु एंगे?’ हिंदीत विचारून वेळ घालवू नका; तमिळचे दोन शब्द किंवा सोपं इंग्रजी जास्त उपयोगी पडतं.

दहाच्या सुमारास देवळातून निघा आणि राजवाड्याकडे जा. अंतर दीड किलोमीटरच्या आसपास, रिक्षानं पाच मिनिटं. तिथे मराठा दरबार आणि कलादालन बघा, पण आधी सरस्वती महाल ग्रंथालयाचं संग्रहालय. ते दुपारी जेवणाच्या वेळी बंद होतं, म्हणून एकच्या आत आटपा. ग्रंथालयाची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, आणि पहिल्या टप्प्यात बुधवार तपासायला सांगितलं ते याचसाठी. विक्री काउंटरवर ग्रंथालयाची स्वतःची प्रकाशनं मिळतात. देवळातल्या लेखाबद्दल काय उपलब्ध आहे ते तिथे विचारा.

केळीच्या पानावरचं जेवण बारा ते तीनच्या दरम्यान मिळतं, त्यानंतर फक्त टिफिन, म्हणजे इडली-डोशासारखा फराळ. म्हणून राजवाड्यानंतर लगेच जेवा आणि साडेतीनपर्यंत लॉजवर पडा.

## टप्पा ९: संध्याकाळी पुन्हा

सकाळी देऊळ पाहिलं असलं तरी संध्याकाळी तासभर परत या. सकाळी विमानाची पूर्वेची बाजू उजळते, पाच-साडेपाचला पश्चिमेची आणि दक्षिणेची. सकाळी सपाट वाटलेले कोनाडे आता खोल दिसतात. नैर्ऋत्य कोपऱ्यातून पूर्ण विमान एका फोटोत बसतं. ट्रायपॉड लावू नका, त्याला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. मोबाईल कठड्यावर टेकवला तरी चालतो. ड्रोन अजिबात नाही.

दगड सहानंतर निवतात, पण आत उष्णता धरून राहतात, म्हणून पायमोजे संध्याकाळीही बरोबर असू द्या. गावची माणसं तेव्हा अंगणात येऊन बसतात, पोरं पळतात, म्हाताऱ्या बायका गणपतीपाशी दिवा लावतात. सकाळी गाभारा बंद सापडला असेल तर दर्शनाची रांग आता धरा. सातच्या आत लागलात तर घाई होत नाही.

रात्रीची गाडी असेल तर साडेसातला निघा. चपलांचं टोकन हाताशी काढून ठेवा, पुडीतली विभूती नीट बांधा आणि बाहेर पडताना राजराजन गोपुराच्या उंबऱ्यावर पाय पडू देऊ नका.